‘साइनफेल्ड’वर नाकं मुरडली ती कोणी?

‘साइनफेल्ड’ या विनोदी टीव्ही मालिकेचा पहिला भाग लागला आणि अमेरिकी प्रेक्षक साफ निराश झाले, असं सध्या फिरतंय. अर्धंच खरं आहे ते. नाकं मुरडली ती प्रक्षेपणाआधी, एनबीसी या वाहिनीने चाचणी म्हणून भाग दाखवलेल्या मोजक्या लोकांनी. अहवालातला शेरा होता, ‘कमकुवत’. ५ जुलै १९८९ ला भाग प्रत्यक्ष टीव्हीवर लागला तेव्हा प्रेक्षक बऱ्यापैकी मिळाले होते. कचरली ती वाहिनीच! पुढे मागवले फक्त चार भाग, तेही रिक लडविन या अधिकाऱ्याने विनोदवीर बॉब होपच्या एका कार्यक्रमाचे पैसे इकडे वळवले म्हणून. आणि त्या पहिल्या भागातली ‘एलेन’, म्हणजे मालिकेतलं मुख्य स्त्री-पात्र, आवडली नाही म्हणणाऱ्यांनो, एलेन त्यात नव्हतीच.