मिरामारच्या डुबकीने चरबी तपकिरी होत नाही

हिवाळा आला की पणजी-मडगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: "पहाटे मिरामारच्या किनाऱ्यावर समुद्रात पाच मिनिटे डुबकी मारा. थंडीने जनुके बदलतात, पोटाची पांढरी चरबी तपकिरी होते, वजन उतरते." पांढरी चरबी ऊर्जा साठवते, तपकिरी चरबी ती जाळून उष्णता देते; म्हणून हा मोह. एकेक दावा तपासू.

"जनुके बदलतात": नाही. जनुके तीच राहतात. थंडी वाजली की चेतातंतूंतून नॉरएड्रेनलिन हे निरोप पोहोचवणारे रसायन सुटते. त्याने पेशीतली पीकेए आणि पुढे पी३८ ही एन्झाइमे जागी होतात आणि तयार प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात. फॉस्फेटची ही खूण काही मिनिटांत लागते आणि पुसलीही जाते.

"पांढरी चरबी तपकिरी होते": सगळी गफलत इथे आहे. खूण लागणे वेगळे, पेशी घडणे वेगळे. तपकिरी पेशी घडण्यासाठी पीपीएआर-गॅमा आणि पीआरडीएम१६ या, कोणती जनुके चालू राहतील हे ठरवणाऱ्या प्रथिनांची जोडी जमावी लागते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; पीपीएआर-गॅमाच्या माळेतल्या २६८ आणि २९३ क्रमांकांच्या लायसिन या अमिनो आम्लांवरचे ॲसिटाइल गट (ही दुसऱ्या प्रकारची रासायनिक खूण) सर्ट१ या एन्झाइमने काढले, की पीआरडीएम१६ त्याला येऊन धरते. त्याच पीपीएआर-गॅमाच्या २७३ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर सीडीके५ या एन्झाइमने फॉस्फेट लावला, तर इन्सुलिनचे काम बिघडते. आणि पीआरडीएम१६ ला युबिक्विटिन हे छोटे प्रथिन चिकटले की पेशी ते मोडीतच काढते. म्हणजे खूण कोणती आणि कुठे, यावर परिणाम ठरतो. म्हणून 'प्रथिने सक्रिय करणारी' कॅप्सूल कोणी विकायला आणली, तर आधी विचारा: कोणते प्रथिन, कोणती जागा?

जोडी जमली तरी उष्णता निर्माण करणारे यूसीपी१ हे प्रथिन आणि भरपूर मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरे) तयार व्हायला दिवस लागतात. २०१३ साली नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात माणसांना १५-१६ अंशांत रोज ६ तास, असे १० दिवस ठेवले. त्यांची मुळातली तपकिरी चरबी जोमाने कामाला लागली. पोटाच्या कातडीखालच्या पांढऱ्या चरबीत मात्र तपकिरी होण्याची चिन्हे दिसली नाहीत.

"पहाटेची डुबकी": आपल्या समुद्राचे पाणी जानेवारीतही २७ अंशांच्या आसपास असते. पाण्यात अंगातली उष्णता लवकर जाते हे खरे, पण पाच मिनिटांत त्याने काही साधत नाही. पोहा जरूर, व्यायाम होतो.

"वजन उतरते": प्रौढांची तपकिरी चरबी मुख्यतः मान, गळपट्टीच्या हाडाभोवती आणि कण्यालगत, तीही थोडी. शिवाय थंडीने भूक वाढते.

समुद्र कोमट लागतो म्हणून मासळी बाजारातला बर्फ टबात ओतून त्यात बसणे तर नकोच. अचानक गार पाण्यात श्वास अडखळतो, रक्तदाब उसळतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्याच्या हे जिवावर बेतू शकते.