न्यूयॉर्क साडेपाच तासांवर आलेले नाही

"मुंबईहून न्यूयॉर्कला विमान साडेपाच तासांत पोचते, परतायला मात्र पंचवीस तास लागतात. कारण पृथ्वी फिरते आणि अमेरिकाच विमानाकडे सरकत येते. शिवाय कंपन्या सरळ न जाता उत्तरेकडून वळसा घालतात आणि भाडे उकळतात." तिकिटाच्या फोटोसह हा मेसेज आमच्या सांगलीत, विश्रामबागेत घरोघरी फिरतोय. शेजारच्या काकू पहिल्यांदाच एकट्या लेकीकडे निघाल्यात, त्यांना मधुमेह आहे. मेसेज वाचून त्यांनी हातातल्या पर्समध्ये एकाच वेळच्या गोळ्या ठेवल्या, बाकीच्या सगळ्या मोठ्या बॅगेत. हे बघून मला राहवले नाही.

तिकीट खरे आहे, हिशेब चुकलाय. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री दीडला निघून सकाळी सातला उतरलात, तर त्या क्षणी सांगलीत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे प्रवास सोळा तासांचा. परतीच्या पंचवीसातून साडेदहा वजा करा, साडेचौदा उरतात.

आता पृथ्वीचे. आपल्या अक्षांशावर ती ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, पण हवेला सोबत घेऊन. एसटीत बसल्याबसल्या शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या सीटवर जात नाही, आपल्याच हातात पडतो. मेसेज खरा असता तर आयर्विन पुलावर घिरट्या घालणारी घार मिनिटाभरात सव्वीस किलोमीटर पश्चिमेला गेली असती.

फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. म्हणून येताना वेळ कमी लागतो. मेसेज म्हणतो त्याच्या नेमके उलट! ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, तरी पाठीशी वारा असल्याने वेळ दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

राहिला वळसा. शाळेतला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो आपणहून उत्तरेला सरकतो: रशिया, फिनलंड, नॉर्वे, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडा. मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या मर्केटर नकाशातली (गोल पृथ्वी सपाट चौकटीत पसरून दाखवतो तो) 'सरळ' रेषा त्याच गोलावर काढली तर चार सेंटिमीटरने लांब भरते, म्हणजे सुमारे १४,२०० किलोमीटर. वर्गात हे करून दाखवले की मुले दोरा दोन-दोनदा मोजायची.

खरा वळसा कधीकधी पडतो, हे मान्य. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबून जावे लागले. त्यात भाडे उकळण्याचा डाव नव्हता.

काल काकूंच्या ओट्यावर बसून पर्स पुन्हा भरली. पूर्ण तीन दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, राजगिऱ्याच्या वड्या. गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची, हे त्या आज डॉक्टरांना विचारणार आहेत. तोवर मनगटावरचे घड्याळ सांगलीच्याच वेळेवर ठेवा, असे मी सांगितलेय.