सतरा इंची रिम घातली म्हणून गाडी रेसची होत नाही

‘हौशी रेसरसाठी सात सुवर्णनियम’ नावाचा मेसेज महिनाभर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मोठी रिम, रुंद टायर, जड चाक, झाली गाडी तयार, असा एकूण सूर. दुर्लक्ष केलं असतं, पण माझ्या भाच्याने तो वाचून स्विफ्टसाठी १७ इंची रिमचा ॲडव्हान्स देऊन टाकला. कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर जायचंय त्याला.

चौथा नियम आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. “४×९८ ची रिम ४×१०० च्या हबवर बसते, नट जोरात आवळा.” ४ म्हणजे नटांची चार भोकं, ९८ किंवा १०० म्हणजे ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि हब म्हणजे गाडीचा तो भाग ज्यावर चाक बसतं. म्हणजे भंगारातून फियाट पॅलिओची (४×९८) रिम आणा आणि स्विफ्टला (४×१००) ठोका! फरक दोनच मिलिमीटरचा, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण त्यामुळे प्रत्येक भोक स्टडपासून, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या हबच्या खिळ्यापासून, एकेक मिलिमीटर सरकतं. नटाचा निमुळता भाग भोकात पूर्ण बसत नाही, एका कडेवर टेकतो. पाना ‘टाइट’ सांगतो, पण तो ताण रिम दाबून धरण्यात कमी आणि स्टड वाकवण्यात जास्त जातो. वर पॅलिओच्या रिमचं मधलं भोक ५८.१ मिमी आणि स्विफ्टचा हब ५४.१, म्हणजे चाक मध्यावर धरायला हबही नाही. ती फट रिंग घालून भरता येते. नटांची भोकं कुठल्याच रिंगने सरकत नाहीत. गल्लीत दोन फेऱ्या मारल्यात तर काही कळणारही नाही. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला स्टडवर उलटसुलट ताण येतो, नट सैल होतात, स्टड थकतो आणि एक तुटला की उरलेल्या तिघांवर भार. हे लिहिणाऱ्याने स्वतः त्या गाडीत बसून दाखवावं.

“फॉर्म्युला वननेही रिम १३ वरून १८ इंच केले.” केले, २०२२ मध्ये. पण वेगासाठी नव्हे. रस्त्यावरच्या गाड्यांशी नातं दिसावं म्हणून. त्याच वर्षी गाडीचं किमान वजन ७५२ वरून ७९८ किलोवर गेलं आणि त्यात या चाकांचाही वाटा होता.

“जड रिम गाडीला रस्त्याला चिकटवून ठेवते.” उलट आहे. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा हौशी रेसिंगचा वर्ग आहे, सगळ्या गाड्या माझदा मियाटा. नियम काय? रिम जास्तीत जास्त १५×७ (व्यास १५ इंच, रुंदी ७ इंच), टायर २०५/५० (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के), आणि एका रिमचं वजन १३ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.९ किलोपेक्षा, कमी नको. खालची मर्यादा का घातली असेल? हलक्या चाकाचा फायदा होतो, म्हणून सगळे त्याच्यामागे पैसे ओततील. जड चाक चांगलं असतं तर मर्यादा वरून घालावी लागली असती.

“१७ इंचावर २०५/५५ टाका.” गणित करा. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ (म्हणजे १५ इंची रिमवरच्या) टायरचा व्यास साधारण ६२१ मिमी. हा टायर ६५७ चा. चाक सहा टक्के उंच, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब, आणि वळणातून बाहेर पडताना ओढ कमी. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथे टॉप स्पीड दाखवणार कुणाला? १९५/५० आर १५ घेतला तर व्यास ५७६ वर येतो आणि त्याच गिअरमध्ये ओढ वाढते. गिअर लवकर बदलावे लागतील, एवढंच.

रुंद टायरचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य. कोरड्या ट्रॅकवर रुंद टायर वळणात जास्त धरतो आणि उष्णताही बरी झेलतो. पण “कुठल्याही रिमवर २२५ चढतो” हे खोटं. २२५/५० आर १५ ला किमान सहा इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फुगते, वळणात टायर लोळतो आणि स्टीअरिंग उशिरा उत्तर देतं. आणि मुळात तुमच्या वर्गाचं नियमपुस्तक कुठला टायर चालवून घेतं, ते मेसेजवाल्याने विचारलंच नाही.

नायट्रोजनने ग्रिप वाढते? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. सहावा आणि सातवा नियम रिमच्या रंगाबद्दल आहेत.