‘बाय’मध्ये म्हणे देव नाही!

आज सकाळी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांचा फॉरवर्ड. "मुलांना बाय म्हणायला शिकवू नका. हा कोरडा, परका शब्द आहे. त्यात ना देव, ना आशीर्वाद. आपली संस्कृती जपा, रामराम म्हणा." खाली हात जोडलेल्यांची ही भली मोठी रांग. माझा चहा तिथंच गार झाला.

अहो काका, देव नाही? त्या शब्दात देवाशिवाय दुसरं होतं काय! ‘गॉड बी विथ यू’. निघालेल्या माणसाला इंग्रज लोक दारात हेच म्हणायचे, की देव तुझ्या सोबत असो. घाईघाईत म्हणून म्हणून त्याचं गॉडबाय, गॉडबवाय, जमेल तसं काहीही झालं. 1573 च्या सुमारास केंब्रिजचा गॅब्रिएल हार्वी नावाचा एक विद्वान पत्रात लिहून गेलाय, की तुमच्या गॅलनभर ‘गॉडबाय’च्या बदल्यात मी तुम्हाला पॉटलभर ‘हाउडी’ (म्हणजे ‘कसे आहात?’) पाठवतोय. पॉटल म्हणजे अर्धा गॅलन. म्हणजे तेव्हाच हा शब्द मापानं मोजून थट्टा करण्याइतका घरचा झाला होता. पुढे ‘गुड डे’ वगैरे मंडळींच्या संगतीत ‘गॉड’चं ‘गुड’ झालं, ‘गॉडबाय’चं ‘गुडबाय’. आणि त्यातलं ‘गुड’ गाळून आपण फक्त ‘बाय’ म्हणायला लागलो.

हां, नुसत्या ‘बाय’मधून देव गळाला, एवढं काकांचं मान्य. उरलं ते ‘सोबत असो’. कोण, ते म्हणायचं राहून गेलं.

पण मला सांगा, ते म्हणायची गरज असते का? आमचे अण्णा मला बार्शी स्टँडवर सोडायला यायचे. मी पुण्याला कॉलेजला, एसटीनं एकटी. अण्णांनी कधी बाय म्हटलं नाही, टाटा केला नाही, डोक्यावरून हातबीत तर नाहीच. बॅग वर टाकायची आणि सरळ कंडक्टरकडे जायचं. "साहेब, पोरगी एकटीच आहे. स्वारगेटला उतरेल. जरा लक्ष असू द्या." तिकिटाची पेटी सावरत तो म्हणायचा, "काळजी करू नका." मी खिडकीत लाजेनं अर्धी. आख्ख्या गाडीला कळलं की ही पोरगी एकटी आहे! भिगवणला गाडी थांबली की तोच कंडक्टर खालून ओरडणार, "ए बार्शीच्या पोरी, चहा घेतलास का?"

‘गॉड बी विथ यू’ म्हणजे हेच की हो. मला पुढं येता येत नाही, तेव्हा माझ्या माणसाला मी कुणाच्या तरी हवाली करतोय. फ्रेंच ‘अदिय’ म्हणतात, स्पॅनिश ‘आदिओस’, पोर्तुगीज ‘आदेउश’. सगळ्यांचा अर्थ एकच, देवाच्या हवाली. आपल्या शेजारी गोव्यात निरोपाला गातात तो जुना मांडो, म्हणजे कोकणी गाणं, ‘आदेवस’ याच शब्दानं सुरू होतो, आणि जमलेल्या अर्ध्या लोकांचे डोळे भरतात. मुंबईत ‘खुदा हाफिज’ ऐकत मोठे झालेले तुम्ही कितीतरी जण आहात. देव रक्षण करो. कोरडं आहे का हे? सांगा ना!

मला राग शब्दाचा नाही, शब्दाला गुन्हेगार ठरवण्याचा येतो. आणि काका, रामराम म्हणा म्हणता, तर ऐका. आपणच म्हणतो ना, नोकरीला रामराम ठोकला? अमक्यानं पक्षाला रामराम ठोकला, हे पेपरात येतं तेव्हा कुठं जातो त्यातला राम? तिथं तुमची संस्कृती दुखावत नाही. तुमचा स्वतःचा मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळाच्या गेटबाहेर "बाय बाय, टेक केअर" म्हणून सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडत होतं, ते ग्रुपवरच्या सगळ्यांना आठवतंय. रडतही होतात. तो बाय कोरडा होता का?

(हे ग्रुपवर लिहिलं नाही. भांडण होतं. इथं लिहितेय कारण तुम्ही आपले आहात.)

बरं, इंग्रजही काही सोवळे नव्हते. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये एक जण दुसऱ्याला वैतागून म्हणतो, ‘गॉड बाय यू’, आता आपण शक्य तितकं कमी भेटू. आशीर्वाद देता देता हाकलणं! त्यामुळं शब्द पवित्र असला म्हणून म्हणणारा मायाळू असतोच असं नाही, हेही घ्या. ऑफिसात एखाद्याला काढून टाकल्यावर केक कापून जे ‘फेअरवेल’ करतात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

‘फेअरवेल’वरून आठवलं. यातला ‘फेअर’ म्हणजे प्रवास. नीट जा, सुखरूप प्रवास कर, एवढाच अर्थ. आणि बसचं भाडं या अर्थाचा ‘फेअर’ तोच. आधी प्रवास, मग प्रवासाचे पैसे. हे वाचलं तेव्हा मला थेट बार्शी स्टँड दिसलं. अण्णा कंडक्टरच्या हातात माझ्या तिकिटाचे पैसे मोजून देतायत, सुटे, कारण सुटे नसले की कंडक्टर चिडतो आणि चिडलेला कंडक्टर पोरीकडे काय लक्ष देणार! हा त्यांचा हिशोब. डबल बेल वाजायची आणि मी खिडकीतून वळून बघायच्या आत अण्णा स्टँडबाहेर गेलेले असायचे. तेव्हा वाटायचं, किती रुक्ष माणूस आहे. आता अण्णा नाहीत, आणि असं रुक्ष वागायला काय लागत असेल, ते थोडं थोडं कळतं.

माझी लेक रात्री कॅबनं निघाली की मी खाली जाते. ड्रायव्हरला म्हणते, "दादा, नीट सोडा हं, उशीर झालाय." लेक कपाळाला हात लावते. "मम्मा, ट्रिप शेअर केलीये ना तुला!" केलेली असते. फोनवर ती गाडी मुंगीसारखी सरकताना मला दिसते. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण तरी मी ड्रायव्हरशी बोलतेच. ती दार लावता लावता "बाय" म्हणते, तेही फोनमध्ये बघत. म्हणू दे. मी तिला रामराम म्हणायला लावणार नाहीये.

बाकी तो ‘टाटा’ पण इंग्रजांचाच बरं का. त्यांच्याकडचा लहान मुलांचा बोबडा शब्द, एकोणिसाव्या शतकापासूनचा. दात नसलेल्या नातवाचा हात धरून "टाटा कर, टाटा कर" म्हणणारी प्रत्येक आजी संस्कृतीद्रोही ठरवायची असेल तर फॉरवर्ड लांबवावा लागेल, काका.

तुमच्याकडे कसं होतं? कोकणात, खानदेशात, नागपूरकडे, मुलं शिकायला निघाली की आईबाप काय म्हणायचे, कुणाच्या हवाली करायचे? कंडक्टर, गावातला कुणी ट्रकवाला, डब्यातल्या अनोळखी काकू? लिहा. फॉरवर्ड मात्र नकोत.