तीन सेकंदांचा अंधार

अंधार किती वेळ धरायचा, याचे मला पैसे मिळतात. दोन प्रवेशांमधला काळोख तीन सेकंदांचा असला की प्रेक्षक श्वास रोखून बसतो. पाच सेकंद झाले की कुणीतरी खोकतं. आठ झाले की लोकांना वाटतं, फ्यूज उडाला. हे गणित मला झोपेतसुद्धा येतं. मी प्रकाशयोजना करतो. कुणाच्या पगारावर नाही, नाटकागणिक. आणि तरीही फोनवर समोरच्याने "मग, तुझं किती?" असं विचारलं, की त्यानंतरची शांतता मला एक सेकंदही धरता येत नाही.

परवाचंच घ्या. एका निर्मात्याचा फोन आला. पहिली दहा मिनिटं माझ्या मागच्या कामाचं कौतुक. कौतुक दोन मिनिटांच्या वर गेलं की मी सावध होतो, कारण त्याची रक्कम शेवटी मानधनातून वजा होते. मग विषय किती वेगळा आहे ते झालं. मग "या नाटकात प्रकाश हे एक पात्रच आहे" हे झालं. (मग पात्राइतके पैसे द्या, हे उत्तर मला दर वेळी फोन ठेवल्यावर सुचतं.) इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवल्यावर शेवटी भांडं बाहेर आलं.

"तूच सांग तुझा आकडा."

"नाही, तुमचं बजेट काय धरलंय?"

"बजेटचं बघू रे नंतर. तू मोकळेपणाने सांग."

"तुम्ही काहीतरी ठरवलंच असेल ना?"

"अरे, आपल्यात काय!"

आपल्यात काय, हाच तर प्रश्न होता. आकडा आधी बोलतो तो हरतो, असं जाणते लोक सांगतात. दुसरे जाणते सांगतात की आधी मोठा आकडा टाकावा, म्हणजे पुढची सगळी ओढाताण त्याच्याच आसपास होते. दोघेही हे सारख्याच ठामपणे सांगतात आणि दोघांचाही पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतो.

मी तयारी केली नव्हती असं नाही. कागदावर तीन आकडे लिहून ठेवले होते. वरचा म्हणजे मिळाला तर स्वर्ग, मधला म्हणजे रास्त, आणि खालचा म्हणजे याच्याखाली सरळ नाही म्हणायचं. खालच्या आकड्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. मी मधला आकडा सांगितला. आवाज बरा लागला होता. पलीकडे शांतता.

एक सेकंद.

"पण त्यात थोडं इकडेतिकडे होऊ शकतं," मी म्हणालो. पलीकडे शांतताच. "म्हणजे, तुमची पहिली निर्मिती आहे, त्यामुळे..." तरी शांतता. "असिस्टंटचे पैसे त्यातच धरा." मग मी खालचा आकडा सांगितला. तरीही काही येईना, तेव्हा दोन्ही रेघा ओलांडून मी आणखी खाली उतरलो. जिना संपला तरी पायरी शोधत राहावं, तसा.

"हॅलो? हॅलो?" निर्माता म्हणाला. "मध्ये तुझा आवाजच गेला होता रे. शेवटचा आकडा तेवढा ऐकू आला. चालेल, डन."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्याकडे दोघी बहिणी एकत्र राहतात आणि त्यांचं आपापसांत फार छान जमतं.

त्या रात्री मी न करण्यासारखी गोष्ट केली. ठरलेल्या रकमेला तासांनी भागलं. संहितेची दोन वाचनं, ५ तास. तालमी पाहणं, म्हणजे १४ वेळा जाऊन प्रत्येक वेळी ४ तास बसणं, ५६. कुठला दिवा कुठे टांगायचा त्याचा आराखडा आणि क्यूंची, म्हणजे कुठल्या क्षणी प्रकाश कसा बदलायचा त्याची, यादी, २०. दिवे टांगून फोकस करणं, १२. तांत्रिक तालीम दोन दिवस, रोज १४ तास, २८. दोन रंगीत तालमी, १०. दिग्दर्शकाचे "एक मिनिट बोलू का" असे फोन, सगळे मिळून ९. एकूण १४०. भागाकार केला, जे आलं ते पाहिलं आणि चुकलं असेल म्हणून पुन्हा केला. चुकलं नव्हतं. या हिशेबात एक तास गेला, म्हणजे आता १४१ झाले आणि भाव आणखी उतरला.

दोन दिवसांनी करार आला. सात पानं. मला करारांबद्दल आदर आहे. तोंडी ठरलेल्या कामात पैसे बुडाले की माणूस नुसता हळहळतो, लेखी ठरलेल्या कामात बुडाले तर निदान हातात कागद घेऊन हळहळता येतं. पहिल्या पानावर मी 'दुसरा पक्ष' झालो. दुसऱ्या पानावर 'निर्मिती संस्था वेळोवेळी सांगेल ती सर्व आनुषंगिक कामे' माझ्याकडे आली. आनुषंगिक हा शब्द दिसायला गरीब आहे, पण त्याच्या पोटात सोफा उचलण्यापासून तिकिटं फाडण्यापर्यंत काहीही मावतं.

तिसऱ्या पानावर माझ्या प्रकाशयोजनेचे हक्क होते. ते संस्थेला मिळणार होते सर्व माध्यमांत, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या, कायमचे आणि संपूर्ण विश्वात. मी हे दोनदा वाचलं. सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत पोहोचायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद घेतो, आणि तो एवढा प्रवास करतो तरी त्याच्याकडून कुणी असं लिहून घेतल्याचं ऐकिवात नाही. माझा स्पॉट जेमतेम नायकाच्या तोंडापर्यंत जातो, तोही नायक ठरल्या जागी उभा राहिला तर.

पण खरी मजा पाचव्या पानावर होती. कलम ११: 'दुसरा पक्ष प्रत्येक प्रयोगानंतर सर्व वस्त्रे स्वच्छ धुऊन व इस्त्री करून कपडेपटात जमा करील.' मी मागची पानं पुन्हा चाळली. हा करार मुळात एका वेशभूषाकारासाठी लिहिलेला होता. 'वेशभूषा' पुसून 'प्रकाशयोजना' घातलं होतं, पण घाईत सगळीकडे नाही. त्यामुळे मी 'कलाकारांची मापे घेऊन त्यानुसार प्रकाशयोजना शिवून' देणार होतो.

उत्तराचा मेल लिहायला बसलो आणि अर्थातच लिहिला नाही. त्याऐवजी नाटकवाल्यांचे जुने करार वाचत बसलो, कारण दुसऱ्यांचे करार वाचायला कधीच भीती वाटत नाही. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी इटलीतल्या पादुआ शहरात आठ नटांनी एकत्र येऊन नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर करार केला. व्यावसायिक नाटक मंडळींच्या सुरुवातीच्या करारांत तो मोजला जातो. माणसं शहाणी होती. कमाई एका पेटीत ठेवायची, पेटीला तीन किल्ल्या, आणि तिन्ही तीन वेगळ्या माणसांकडे. सामान वाहायला सगळ्यांत मिळून एक घोडा. कुणी आजारी पडला तर त्याचा खर्च सामाईक पैशातून, कुणी मधेच पळाला तर दंड. आपापसांत पत्ते खेळायचे तर खाण्याच्या वस्तू लावून, पैसे लावून नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वी आठ नटांना जे कळलं होतं, ते मला अजून जमत नाही. त्यांच्या पेटीला तीन कुलपं होती. माझ्या तोंडाला एकच आहे आणि तेही चुकीच्या वेळी उघडतं.

मग बोमार्शे भेटला. या फ्रेंच नाटककाराने १७७७ साली नाटककारांना जमवून त्यांची संघटना उभी केली, कारण नाटक मंडळी गल्ल्याचा नीट हिशेबच देत नव्हती. हा माणूस मुळात घड्याळजी. त्याला तास मोजायची सवय असणार, आणि मोजलेला तास तो बहुधा माझ्यासारखा फोनवर सोडून देत नसणार. रात्री एक वाजता मी १९१९ सालच्या अमेरिकेतल्या नटांच्या संपापर्यंत पोहोचलो होतो. संप ७ ऑगस्टला सुरू झाला आणि ६ सप्टेंबरला मिटला. त्या काळात तालमीला पैसे नसत, आणि संप जिंकल्यावरही तालमीचे पैसे मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. हे वाचून मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की बरं वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेल लिहिला. चार ओळी, अडीच तास. पहिल्या खर्ड्यात 'सहज विचारतोय' तीनदा होतं, 'गैरसमज नसावा' दोनदा आणि 'जमल्यास' प्रत्येक वाक्यात. ते सगळं काढल्यावर मागण्या तीनच उरल्या. एक, पैसे तीन हप्त्यांत: सही झाल्यावर, तांत्रिक तालमीच्या सकाळी आणि पहिल्या प्रयोगाच्या दिवशी. करारात सगळी रक्कम 'पहिल्या प्रयोगानंतर यथावकाश' होती. आमच्या कामात एकदा क्यू दिवे चालवणाऱ्या बोर्डाच्या मेमरीत गेले की बटण कुणीही दाबू शकतं. दिवे लागले की माझी किंमत मालवते, तेव्हा जे मागायचं ते अंधार असेपर्यंतच मागावं लागतं. दोन, तांत्रिक तालीम सुरू व्हायच्या आधी नाटक रद्द झालं तर अर्धी रक्कम. तीन, कपडे मी धुणार नाही.

उत्तर आलं: 'हा आमचा नेहमीचाच फॉर्म आहे. सगळेच सही करतात.'

मी कलम ११चा फोटो काढून पाठवला.

यावर बराच वेळ शांतता झाली, पण लेखी शांततेत माझं काही बिघडत नाही. तिथे मी आठवडाभरही गप्प राहू शकतो. संध्याकाळी फोन आला. निर्माता मनापासून हसत होता. हसणाऱ्या माणसाकडून पैसे मागणं सोपं जातं, हे मला पहिल्यांदाच कळलं. हप्ते मिळाले. रद्द झाल्यास अर्धी नव्हे, पण एकतृतीयांश रक्कम मिळाली. कपडे सुटले. मूळ आकडा मात्र आवाज गेल्यावर ऐकू आला होता तोच राहिला, आणि विश्वही त्यांच्याकडेच राहिलं. विश्वाबद्दल मी फार ताणलं नाही. कधी दुसऱ्या ग्रहावर दौरा निघालाच तर बघू.

आता प्रश्न असिस्टंटचा होता. तिचे पैसे मी 'त्यातच धरा' म्हणून मोकळा झालो होतो, म्हणजे आता ते माझ्यातून जाणार होते. एक चुणचुणीत मुलगी आहे. शिडीवर चढून दिवा फोकस करताना खाली उभ्या चौघांना कामाला लावते. तिला विचारलं, तर तासाभरात तिचा एक पानाचा कागद आला. काम काय, दिवस किती, रोजचे तास किती, त्यावर तास गेले तर काय, रक्कम किती, ती कधी, आणि नाटक रद्द झालं तर किती. खाली एक ओळ: 'दादा, बघून सांगा.' ना सहज, ना गैरसमज, ना जमल्यास.

मी फोन केला. आधी तिच्या मागच्या कामाचं कौतुक केलं. सातव्या मिनिटाला मला माझाच आवाज ऐकू आला, पण तोवर उशीर झाला होता. या नाटकात शिकायला खूप मिळेल, हेही बोलून झालं.

"आकडा बघितलात का दादा?"

"बघितला ना. चांगलाच आहे. फक्त या वेळी बजेट जरा... म्हणजे आपल्यात काय..."

ती काही बोलली नाही.

मी फोन कानापासून लांब धरून पाहिला. रेंज पूर्ण होती. एक. दोन. तीन. सुरेख अंधार धरला होता पोरीने. पाचव्या सेकंदाला कुणीतरी खोकलं, तो मीच होतो.

"बरं, तू म्हणतेस तेवढे," मी म्हणालो.

पलीकडे शांतताच.

"आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा धर."