अग्निरोधक बनियन आणि दोन पेन्सिली

रॅलीच्या गाडीत स्टीअरिंग, क्लच, ब्रेक आणि गिअर यांपैकी कशावरही ज्याची सत्ता चालत नाही, परंतु गाडी झाडावर गेली तर जो चालकाइतकाच झाडावर जातो, त्या इसमास को-ड्रायव्हर म्हणतात; पुढची वळणे वहीतून चालकाला वाचून दाखवणे हे त्याचे काम. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावात हे पद माझ्याआधी कोणी भूषविलेले नसल्यामुळे त्यासाठी काय काय विकत घ्यावे लागते हे सांगणारा अनुभवी माणूस मिळाला नाही. सल्ले मात्र भरपूर मिळाले. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा यवतमाळला गॅरेज चालवतो आणि त्याने एक जुनी गाडी आतून रोल केज, म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, बसवून रॅलीसाठी तयार केली आहे. त्याने माझी निवड केली ती केवळ गुणवत्तेवर. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आणि निवडणुकीच्या कामाला कायमचा जुंपलेला कर्मचारी या दोन्ही नात्यांनी मी मतदारयादीची पानेच्या पाने न अडखळता, एका सुरात, ऐकणारा ऐकतो आहे की नाही याची पर्वा न करता वाचू शकतो. “मामाजी, तुम्हाले फक्त बसाचं आहे अन् वाचाचं आहे,” असे तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर सामानाची यादी पाठवली, जी बसणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसाच्या मानाने बरीच लांब होती.

यादीत पहिले नाव हेल्मेटचे होते. घरी मोटारसायकलचे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट आहे, त्यावर भागेल, असे मला वाटणे स्वाभाविक होते; पण भाच्याने ते हाती घेऊन न बोलता परत खुंटीला अडकवले. मोटारसायकलचा स्वार अपघातात गाडीपासून लांब फेकला जातो, रॅलीवाला गाडीतच राहतो. त्यामुळे त्याचे डोके पोलादी रोल केजवर आपटू शकते आणि गाडी पेटली तर हेल्मेटचे अस्तरही पेटता कामा नये. या दोन्ही गोष्टींची चाचणी झालेल्या हेल्मेटवर एफआयए (मोटारशर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) 8859-2015 किंवा स्नेल (हेल्मेटांची चाचणी घेणारी अमेरिकी संस्था) एसए 2020 असे लेबल असते. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानदाराला हे आकडे मी वहीत बघून वाचून दाखवले, तेव्हा त्याने ब्लूटूथवाले हेल्मेट दाखवू का, असे नम्रपणे विचारले.

शेवटी हेल्मेट बाहेरून मागवावे लागले, आणि त्यासाठी डोक्याचा घेर मोजण्याचे काम गावच्या टेलरकडे गेले. भुवयांच्या किंचित वरून फिरवलेला टेप ५९ सेंटिमीटर दाखवत होता, हा आकडा त्याने पँटीच्या मापांखाली लिहून ठेवला. हेल्मेट आल्यावर ते इतके घट्ट बसले की माझे दोन्ही गाल पुढे येऊन ओठांची चोच झाली. परंतु ते तसेच बसायला हवे, कारण हेल्मेट हलवले की चेहऱ्याची कातडीही त्याच्याबरोबर हलली पाहिजे, हीच मापाची खरी परीक्षा आहे. वापरलेले हेल्मेट अर्ध्या किमतीत मिळत होते. ते मी घेऊ दिले नाही. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी उपयोगाचा राहत नाही आणि तो दबला आहे हे बाहेरून दिसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर ते इतरत्र कोठेही वाचवावेत.

यानंतर आले हॅन्स. गळ्याभोवती आणि दोन्ही खांद्यांवर बसणारे हे कठीण उपकरण अंगणात ठेवलेले पाहून शेजारच्या कास्तकाराने, “गुरुजी, हे जू कोणच्या बैलाचं?” असे विचारले, आणि त्याचे निदान अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. समोरून धडक बसली की पट्ट्यांनी आवळलेले धड जागेवर राहते, डोके हेल्मेटच्या वजनासह पुढे जाते आणि सगळा ताण मानेवर व कवटीच्या तळावर येतो. खांद्यांचे पट्टे हॅन्सच्या वरून जातात व त्याला दाबून धरतात, आणि हॅन्सपासून निघालेल्या दोन फिती हेल्मेटच्या दोन बाजूंना अडकतात, म्हणून डोके धडाला सोडून जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकात हे तयार केले, आणि त्यामागे होता जिम डाउनिंग हा शर्यतपटू. डाउनिंग हा हबर्ड यांच्या पत्नीचा भाऊ. बायकोच्या भावाच्या मानेसाठी एवढी बुद्धी खर्च करणारा माणूस जगात होऊन गेला, ही गोष्ट मी माझ्या भाऊजींना मुद्दाम दोनदा सांगितली. परंतु त्यांनी माझ्या मानेची विचारपूस आजवर केलेली नाही, उलट ती आपल्या मुलाच्या ताब्यात दिली आहे. पुढे वीस वर्षे बहुतेक शर्यतपटूंनी हे जू नाकारले. २००१ साली डेल अर्नहार्ट हा नावाजलेला अमेरिकी शर्यतपटू कवटीच्या तळाला झालेल्या अस्थिभंगाने गेला, तेव्हा डोळे उघडले, आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे झाले.

हॅन्सच्या फिती अडकवायला हेल्मेटवर खिळ्या लागतात. माझे हेल्मेट त्या बसवूनच आले, याचे गावच्या वेल्डिंगवाल्याला मनापासून वाईट वाटले, कारण त्याने ड्रिल आधीच बाहेर काढून ठेवले होते. “दोन भोकं पाडाले किती येळ लागते?” हा त्याचा प्रश्न रास्त होता, पण कंपनीने सांगितल्याशिवाय हेल्मेटच्या कवचाला भोक पाडले की त्याची मान्यता जाते आणि मजबुतीचाही भरवसा राहत नाही. को-ड्रायव्हरला हॅन्सचा एक खास जाचही आहे. वाचायला मान खाली घालावी तर फिती ओढतात, त्यामुळे वही छातीजवळ उंच धरून वाचावे लागते. प्रार्थनेच्या वेळी माझ्या शाळेतली मुले पुस्तक नेमके असेच धरतात आणि मी त्यांना त्याबद्दल रागवत आलो आहे.

सुटाच्या बाबतीत मात्र जिल्ह्याच्या अभिमानालाच धक्का बसला. ज्या जिल्ह्यात पांढरे सोने पिकते, जेथे हिवाळाभर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकत असतो, तेथल्या माणसाला सुती बनियन चालणार नाही असे सांगण्यात आले. कापूस पेट घेतो. नायलॉन आणि पॉलिस्टर तर वितळून कातडीला चिकटतात. म्हणून सूट, आतली पूर्ण बाह्यांची बनियन, लांब पायजमा, मोजे, बूट आणि डोक्यावरचा बालाक्लावा, म्हणजे फक्त डोळे उघडे ठेवणारी टोपी, हे सगळे एफआयए 8856-2018 या मानकाचे असावे लागते आणि बहुधा नोमेक्ससारख्या धाग्याचे असते, ज्याला आग न धरण्याचा गुण धुऊन जाणारे रसायन चोपडून दिलेला नसतो, तर त्या धाग्याच्या घडणीतच असतो. एप्रिलच्या भर दुपारी, बाहेर पारा ४४ अंशांवर असताना, मी हा सगळा जामानिमा चढवून पत्र्याखाली उभा राहिलो. सौभाग्यवतींनी कूलर माझ्याकडे वळवला आणि आगीपासून वाचवणाऱ्या कपड्यांतच माणूस शिजत असेल तर नेमके काय वाचले, असे विचारले. त्यावर एफआयएचे उत्तर असेल, माझ्याकडे नाही. बालाक्लाव्याचे मात्र कोणालाच नवल वाटले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपट्ट्यातून फक्त डोळे दाखवत हिंडणे हाच सभ्य पोशाख आहे.

सूट पोटावर ठीक बसला. बाह्या चार बोटे लांब निघाल्या. टेलर शिवणयंत्र पुसून तयार होता आणि पाठीवर गावाचे नाव टाकून देण्यासही राजी होता. त्याला समजावताना माझा घसा बसला. सुटाचे थर वेगवेगळे असतात आणि त्यांच्यातली हवाच उष्णता अडवते. सर्व थरांतून आरपार टाके घातले, तेही साध्या दोऱ्याने, तर ऐन आगीत ती शिवणच पहिली जाईल. नाव टाकायचे तर फक्त बाहेरच्या थरावर आणि अग्निरोधक दोऱ्यानेच टाकावे लागते. “मंग तो दोरा कुठी भेटते?” याचे उत्तर दारव्ह्यात कोणापाशी नव्हते, म्हणून सूट बदलून मागवला आणि गावाचे नाव राहिले.

हातमोजे चालकाला आवश्यक आहेत, को-ड्रायव्हरला ऐच्छिक. पाने उलटायची असल्यामुळे मी ते घेतले नाहीत. इंटरकॉमबद्दल एवढेच सांगतो की गाडीतल्या संचाचा प्लग आणि हेल्मेटचा प्लग एकाच जातीचे आहेत याची खात्री खरेदीआधी करून घ्यावी, नाहीतर दोघेही उत्तम ऐकू येणाऱ्या हेल्मेटांमध्ये बसून एकमेकांवर ओरडत राहतात.

चष्म्याची चिंता मला रात्रंदिवस होती. तिला इतिहासाचा आधार आहे. १९५५ च्या इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश चालकाच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार बसला होता. पाच मीटरांच्या आसपास लांबीची कागदाची गुंडाळी डबीत फिरवत, त्यातली वळणे हातवाऱ्यांनी दाखवत त्याने सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकून दिली. वाटेत ओकारी आली म्हणून तो उघड्या गाडीतून बाहेर झुकला आणि त्याचा चष्मा वाऱ्याने नेला. त्याच्याजवळ दुसरा चष्मा होता. त्या दुसऱ्या चष्म्यातच मला को-ड्रायव्हरचा सगळा धर्म दिसतो. म्हणून मी चष्म्याला मागून पट्टा लावला, जुन्या नंबरचा चष्मा दारातल्या कप्प्यात ठेवला आणि त्याच कप्प्यात, जेंकिन्सनचे स्मरण ठेवून, एक जाड पिशवीही ठेवली. पेन्सिली दोन घेतल्या, दोन्ही मऊ टू-बी. पेन उन्हात पाझरते आणि गाडी उडत असताना वर धरले की लिहीत नाही. एक पेन्सिल सुतळीने वहीला बांधली, दुसरी बाहीच्या खिशात. संपूर्ण यादीत हीच एक खरेदी गावच्या किराणा दुकानात झाली आणि दुकानदाराने खोडरबर फुकट दिला.

माझे सामान असे जमत आल्यावर मी, शिक्षकी सवयीने, गाडीचेही पेपर तपासायला घेतले. सीटच्या सहा टोकांच्या पट्ट्यांवर शिवलेले लेबल उलटून पाहिले तर मुदतीचे वर्ष केव्हाच उलटले होते. पट्टे दिसायला नवे होते. पण पट्ट्याचा धागा उन्हाने आणि वापराने आतून दुबळा होतो, म्हणून त्यावर वर्ष छापलेले असते. भाच्याने नव्या सायलेन्सरसाठी पैसे बाजूला काढले होते. आवाज आणि मामा यांतून एकाची निवड करायला त्याने जितका वेळ घेतला, तितका घ्यायला नको होता. पट्टे आले, त्याबरोबर ते कापायचे दोन कटरही आले, एक त्याच्या हाताशी आणि एक माझ्या. अपघातानंतर लाल त्रिकोण घेऊन गाडीमागे निदान ५० मीटर पळत जाणे आणि मागून येणाऱ्या गाड्यांना ‘ओके’ किंवा ‘एसओएस’ असा फलक दाखवणे हे काम सहसा को-ड्रायव्हरकडेच येते. म्हणून माझे बूट चालकासारखे पातळ तळव्याचे न घेता खाली पकड असलेले घेतले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणी असते. तपासनिसांनी हेल्मेटचे लेबल पाहिले, हॅन्सचे पाहिले, सुटाची कॉलर उलटून पाहिली आणि मग त्याच निर्विकार सुरात, “सर, बनियन दाखवा,” असे म्हणाले. आजूबाजूला कॉलेजातली पोरे होती, त्यांच्यात माझा एक माजी विद्यार्थीही होता. मी चेन खाली केली, बनियन वर ओढली आणि कमरेजवळचे लेबल उजेडात धरले. तपासनिसांनी चष्मा कपाळावर चढवून ते अक्षर अक्षर वाचले, कागदावर खूण केली आणि पायजम्याकडे पाहिले.

“मामाजी,” भाचा कानाशी कुजबुजला, “त्याचंबी लेबल कमरेलेच आहे, पूरा काढाचं काम नाही.”