खुलासा : शेन ओ'डॉनेल 'बदली खेळाडू' नव्हता

'2013 च्या ऑल-आयर्लंड हर्लिंग फायनलच्या फेरसामन्यात क्लेअरचा बदली खेळाडू शेन ओ'डॉनेल मैदानात उतरला आणि तीन गोल करून गेला,' असा मजकूर फिरतो आहे. (हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश सांघिक खेळ; फायनल क्लेअर आणि कॉर्क या दोन काउंटींच्या संघांत होती.) गोल तीनच, पण तो बदली नव्हता. 28 सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर तो सुरुवातीच्या पंधरा खेळाडूंतच होता.

घोळ समजण्यासारखा आहे. 8 सप्टेंबरच्या बरोबरीत सुटलेल्या पहिल्या सामन्यात तो सुरुवातीच्या संघात नव्हता. फेरसामन्यात प्रशिक्षक डेव्ही फिट्झगेराल्ड यांनी डॅरक होननच्या जागी त्याला घेतलं, आणि हे त्यालाही सामन्याच्या काही तास आधीच कळलं. 19 वर्षांच्या या पोराने पहिल्या वीसेक मिनिटांतच तिन्ही गोल केले. बदली म्हणून आला तो होनन, आणि शेवटी क्लेअरचा पाचवा गोल त्याचा!

'पहिल्या सामन्यात कॉर्क 3-16, क्लेअर 0-25, मग बरोबरी कशी?' हा प्रश्नही सोबत येतो. यात पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. गोलखांबांमधल्या आडव्या दांड्याखालून (क्रॉसबार) गेलेला चेंडू म्हणजे गोल, तीन गुण. वरून गेला तर पॉइंट, एक गुण. कॉर्कचे 9 अधिक 16, म्हणजे 25. क्लेअरचे 25 गुण एकाही गोलाविना. फेरसामन्यात दोघांचेही 16 पॉइंट. फरक गोलांचा, क्लेअर 5-16 विरुद्ध कॉर्क 3-16. म्हणजे 31-25. पहिल्या सामन्यात गोलापाशी जे अडलं, ते ओ'डॉनेलला सुरुवातीपासून गोलासमोर उभं केल्यावर सुटलं.